जीभ घासताना ओकारीचे उमाळे येऊ नयेत म्हणून नेमकं काय करायचं?

दात कसे घासायचे ते सगळ्यांना लहानपणीच दाखवलेलं असतं. जीभ कशी घासायची, हे मात्र कोणी शेजारी उभं राहून दाखवत नाही. मग बरेच जण जोरात खरवडतात, उमाळे येतात, डोळ्यांत पाणी येतं आणि चार दिवसांत ते काम सुटतं. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया नेमकं लिहावं: साधन कोणतं, किती आत न्यायचं, जोर किती लावायचा, चुकतं कुठे.

दंतवैद्य, ठाणे

आधी उमाळा का येतो ते समजून घ्या. जिभेच्या मागच्या एक तृतीयांश भागाची आणि घशाची संवेदना नवव्या मज्जातंतूकडे असते. तिथे काही टेकलं की घसा आकसतो. हा शरीराचा बचाव आहे, तुमचा नाजूकपणा नव्हे. अडचण अशी, की थर सर्वांत जास्त साचतो तो मागेच. टोकाकडचा भाग दातांना आणि टाळूला घासून आपोआप बराच स्वच्छ राहतो. मागे जीवाणूंना ओल आणि आडोसा मिळतो. ते प्रथिनं कुजवतात आणि गंधकाचे वायू सोडतात. तोंडाच्या वासाचं हे मोठं कारण.

पद्धत अशी. आरशासमोर उभं राहून जीभ जमेल तितकी बाहेर काढा. घसरत असेल तर टोक स्वच्छ रुमालात धरा. जीभ बाहेर ताणली की मागचा भागही थोडा पुढे येतो. नाकाने श्वास घ्या, टंग क्लीनर टेकवा आणि पुढे ओढताना तोंडाने सावकाश ‘हाऽऽ’ करत श्वास सोडा. श्वास बाहेर जात असताना उमाळा कमी येतो. श्वास रोखून घासू नका.

पहिल्या दिवशी मागे जाऊच नका. जिभेच्या मध्यापासून सुरुवात करा. चार-पाच दिवस तिथे निभावलं की २-३ मिलिमीटर मागे सरका. घाई केलीत तर घसा पुढच्या वेळी आधीच सावध होतो, नुसता टंग क्लीनर दिसला तरी उबळ येते.

हात फक्त मागून पुढे. पुढून मागे ढकललं की थर घशाकडे जातो. तीन ते पाच वेळा ओढणं पुरे. दर वेळी पट्टी नळाखाली धुवा. पट्टीवर पांढरा-पिवळा लगदा येतोय तोवर काम बाकी आहे, नुसती लाळ यायला लागली की थांबा. जीभ लालबुंद दिसेपर्यंत घासू नका. जिभेवर धाग्यासारखे बारीक अंकुर असतात, ती मुळातच मखमलीसारखी दिसते. पातळ पांढुरकी झाक निरोगी जिभेवरही असते.

आणि एक. जीभ खूप बाहेर काढली की अगदी मागे उलट्या ‘व्ही’सारखे मोठे गोल अंकुर दिसतात, साधारण ८ ते १२. ते सगळ्यांनाच असतात. गाठी समजून ते खरवडू नका.

तांब्या-पितळेचा व्यवसाय, पुणे

घेताना वजन बघण्याआधी कड बघा. कापसाचा पिंजलेला बोळा कडेवरून अलगद ओढा. एक तंतू जरी अडकला तरी कड नीट घासलेली नाही, ती जिभेला चरे पाडणार. पट्टी हाताने थोडी वाकेल इतपत लवचिक हवी, म्हणजे रुंद-अरुंद जिभेप्रमाणे टोकं जवळ-लांब करता येतात. फार ताठ असली की मधेच टेकते आणि कडा तशाच राहतात.

तांबं ओलं ठेवलं की काळवंडतं, नंतर हिरवट कळंक धरतं. काळवंडलेलं चालेल, कळंक चालणार नाही. वापरून झाल्यावर पुसून कोरडं ठेवा. आठवड्यातून एकदा चिंच किंवा लिंबू-मीठ लावून चोळा, लगेच भरपूर पाण्याने धुवा. आंबट लावून तसंच ठेवून देऊ नका.

परिचारिका, सोलापूर

तांब्याची निगा होत नसेल तर सरळ स्टील घ्या. ते उकळता येतं. तोंड आलं असेल किंवा जिभेला बुरशीचा संसर्ग होऊन बरा झाला असेल, तर हे महत्त्वाचं. घरात प्रत्येकाचं वेगळं हवं. एकाच खुंटीवर चार एकसारखे टंग क्लीनर टांगलेले असतात आणि कोणता कोणाचा ते कळत नाही; दोरा बांधून खूण करा.

वैद्य, नाशिक

आयुर्वेदातल्या दिनचर्येत याला जिह्वानिर्लेखन म्हणतात. चरकसंहितेत सोनं, रुपं (चांदी), तांबं, कथील आणि पितळ ही द्रव्यं सांगितली आहेत. सोबत दोन अटी: साधन तीक्ष्ण नसावं आणि सरळ नसावं, म्हणजे वाकवलेलं असावं. सुश्रुतात लाकडाचंही आहे: मऊ, गुळगुळीत, दहा अंगुळं लांब. म्हणजे वर कापसाची जी परीक्षा सांगितली, तिचा मुद्दा जुनाच आहे. खेड्यात कडुनिंबाच्या काडीने दात घासून झाल्यावर तीच काडी उभी चिरून, वाकवून जीभ ओढतात. त्यात चिरलेल्या कडेचं कुसळ तेवढं आधी काढायला हवं.

वेळ सकाळची, अनशापोटी. चहा-नाश्त्यानंतर लगेच केलं तर उमाळ्यासोबत खाल्लेलंही वर येतं.

दंतवैद्य, नागपूर

क्रमाबद्दल थोडं वेगळं सांगते. बहुतेक जण आधी दात, मग जीभ, मग खळखळून चूळ असं करतात. त्यात पेस्टमधलं फ्लोराइड धुऊन जातं. आधी जीभ घासून चूळ भरा, नंतर दात घासा आणि शेवटी फेस नुसता थुंका. शिवाय पेस्टच्या फेसाने येणारा उमाळाही टळतो.

आमच्याकडे खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाऊन तोंड कमी उघडणारे खूप असतात. त्यांच्या तोंडात ‘यू’ आकाराची पट्टी जातच नाही. त्यांनी लहान मुलांचा मऊ ब्रश ओला करून आडवा वापरावा. पण तोंड कमी उघडत असेल तर आधी तपासणी करून घ्या, जीभ नंतर. मशेरी लावणाऱ्यांनाही हेच सांगेन. थर म्हणजे निघतो तो. खरवडून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दोन आठवड्यांच्या वर टिकली, तर घासत बसू नका, दाखवा.

रुग्णसेविका, कोल्हापूर

अंथरुणावरच्या माणसाला उताणं झोपवून हे कधीच करू नये, पाणी श्वासनलिकेत जातं. बसतं करा, नाहीतर कुशीवर वळवा, गालाखाली टॉवेल ठेवा. आजी-आजोबांची कवळी आधी काढा. बोटाला गॉज गुंडाळा, कोमट पाण्यात बुडवून पूर्ण पिळा, थेंब गळता कामा नये. मधून पुढे दोन-तीनदा पुसा. थर वाळून चिकटला असेल तर ओढू नका. ओलं गॉज मिनिटभर ठेवून भिजू द्या, मग अलगद निघतो. शुद्ध हरपलेल्या किंवा दात आवळणाऱ्या माणसाच्या दातांमधे बोट घालू नये, लांब दांड्याचा मऊ स्पंज वापरा. रात्रभर तोंडाने श्वास चालतो त्यांची जीभ सकाळी कोरडी ठक्क असते. आधी ओठ ओले करा, मग जीभ.

परिचारिका, बालरुग्ण विभाग, मुंबई

तान्ह्या बाळाला टंग क्लीनर नको. उकळून गार केलेल्या पाण्यात मऊ सुती कापड भिजवून, पिळून, बोटाला गुंडाळून एकदा पुसा, तेही दूध पाजल्यानंतर लगेच नाही. दुधाचा थर पुसला की जातो. दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके पुसून जात नसतील, किंवा पुसल्यावर खाली लाल दिसत असेल, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. बाळाला डॉक्टरांकडे न्या आणि दूध पाजणाऱ्या आईची स्तनाग्रंही त्याच वेळी दाखवा, नाहीतर तो एकमेकांना परत परत होत राहतो.