मदत हवी आहे: मेंढ्यांचा खुराक कधीपर्यंत चालू ठेवायचा?
इंदूरजवळ, सिमरोलकडे आमच्या 32 मेंढ्या, सगळ्या चराईवर. गेल्या पावसाळ्यात मेंढा सोडला, तर 11 जणी रिकाम्या राहिल्या. मधेच मेंढा बदलून पाहिला, जंताचं औषधही झालं. फरक शून्य. परवा पाठीवरून हात फिरवला, तर मणके करवतीसारखे लागले. म्हणजे उणीव चाऱ्यातच, उगाच मेंढ्याला बोल लावला! यंदा मेंढा सोडण्याआधी 3 आठवडे दर मेंढीला रोज 250 ग्रॅम मक्याचा भरडा द्यायचं ठरवलंय. धान्याची सवय नाही, म्हणून 50 ग्रॅमपासून सुरुवात. पेंड परवडत नाही. मेंढा सध्या वेगळा बांधलाय. मेंढ्या फळल्यावर भरडा लगेच तोडायचा, की हळूहळू कमी करत आणखी काही आठवडे द्यायचा?