'तलाश'चा शेवट म्हणजे फसवणूक का? (शेवट उघड केलाय, बघितला नसेल तर वाचू नका)

राजारामपुरीकर: काल रीमा कागतीचा 'तलाश' परत बघितला. २०१२ ला थेटरातून बाहेर पडताना निम्मं पब्लिक "भूत दाखवून गंडवलं" म्हणत होतं, आजही कोल्हापुरात विषय निघाला की तेच. मला अजिबात पटत नाही. इन्स्पेक्टर सुर्जनचा मुलगा पाण्यात बुडून गेलाय. गाडीसकट समुद्रात गेलेल्या नटाची केस हा नुसता वरचा पदर; हा बाप स्वतःला माफ करणार का, खरा सस्पेन्स तो आहे. त्या दिवशी मी असं केलं असतं तर, तसं केलं असतं तर, हे तो मनात परत परत घडवून बघतो, ते सीन नीट बघा. शेवटी रोझी (तपासात त्याला भेटत राहणारी बाई, तीच ते भूत) त्याला पाण्यातून वाचवते, तिथं त्याला दुसरी संधी मिळते.

पेठेतला पोरगा: थांब भावा. पोलिस तपास म्हणून तिकीट काढलेल्यानं काय करायचं? दोन तास पुरावे जोडायचे आणि उत्तर मेलेल्या बाईनं द्यायचं! त्याच वर्षीचा 'कहानी' बघ. शेवट कळला की मागचं सगळं जुळतं, तेही भुताशिवाय.

राजारामपुरीकर: इथंही जुळतं. रोझी भेटते ती सुर्जन एकटा असतानाच. खूण पहिल्यापासून समोर आहे.

मंगळवार पेठ: माझी अडचण वेगळी. सुर्जनची बायको रोशनी प्लँचेट करणाऱ्या बाईकडं जाते, सुर्जन चिडतो, आणि पिक्चर शेवटी त्या बाईलाच खरं ठरवतो. दाभोलकर २०१३ ला गेले, २०१५ ला आपल्याच गावात पानसरे अण्णांवर गोळ्या झाडल्या. पोर गेलेल्या आईकडून पैसे उकळणारे बाबा आपल्याकडं कमी नाहीत. त्यांच्या हातात आयतं कोलीत दिलं.

बावडेकर: बाबांचं अगदी मान्य, ताई. पण माझ्या मामांचा मुलगा पंचगंगेत पोहायला गेला तो आलाच नाही. पन्हाळ्याला जाताना शिवाजी पूल आला की मामा गाडीची काच वर घेतात आणि पूल संपेपर्यंत मोबाईलमधून मान वर काढत नाहीत. मामी म्हणतात, "तुमची चूक नव्हती हे दुसऱ्या कुणीतरी सांगा त्यांना, माझं ऐकत नाहीत." म्हणून त्या प्लँचेटवालीकडून मुलाची म्हणून आलेली चिठ्ठी वाचून सुर्जन रडतो, तो सीन मला खोटा वाटत नाही. चिठ्ठी खरी का बनावट, तिकडं माझं लक्षच जात नाही.

मंगळवार पेठ: वाचून फार वाईट वाटलं. पण मामींचंच बोलणं मामांच्या कानात शिरायला पाहिजे, हेच तर मी म्हणतेय. लिहिणाऱ्या दोघी बायका, रीमा कागती आणि झोया अख्तर. रोशनीच्या कामाला राणी मुखर्जी. तरी नवऱ्याला मोकळं करायचं काम चिठ्ठीवर सोपवलं. रोशनीनं तोंडावर सांगितलं असतं आणि त्यानं ते ऐकलं असतं, तर हा पिक्चर मी डोक्यावर घेतला असता.