मदत हवी आहे: स्केटबोर्डच्या स्पर्धेला गुण कसे द्यायचे? (खारघर)

मंडळी, आमच्या सेक्टरातली पोरं रोज संध्याकाळी सोसायटीमागच्या कोब्यावर स्केटबोर्ड घेऊन धडपडतात. नाताळच्या सुट्टीत त्यांची छोटी स्पर्धा घ्यायचं ठरलं आणि हौसेनं मीच पुढे झालो. आता निस्तरतोय.

गेल्या वर्षी इथे एकाने अशीच स्पर्धा भरवली होती. चाकांचे बूटवाले आणि बोर्डवाले एकाच रांगेत उभे केले, हातात स्टॉपवॉच, पाच फेऱ्या लवकर मारेल त्याचा पहिला नंबर! माझी लेक किकफ्लिप (उडी मारून पायाखाली बोर्ड गरकन फिरवायचा) जमवायला चार महिने नडग्या सोलून घेत होती. मधेच थांबून तिने ती मारली, बसलीही छान, आणि नंबर आला शेवटून दुसरा.

म्हणून यंदा नीट वाचून काढलं. ऑलिंपिकमध्ये टोकियोला स्ट्रीट प्रकारात (रस्त्यावरच्यासारखे जिने, कठडे असतात तो) ४५ सेकंदांचे दोन रन, म्हणजे सलग करामती करत मारलेल्या फेऱ्या, आणि पाच सुट्या ट्रिक होत्या, सातांतले सर्वांत चांगले चार गुण धरले. पॅरिसला २०२४ मध्ये हे बदललं: दोनांतला एक चांगला रन आणि पाचांतल्या दोन चांगल्या ट्रिक धरायच्या, प्रत्येकाला १०० पैकी गुण. जपानच्या युतो होरिगोमेने शेवटच्या प्रयत्नात ९७.०८ काढले आणि एकूण २८१.१४ झाले. दुसरा आलेला अमेरिकेचा जॅगर ईटन २८१.०४ वर. एका गुणाच्या दहाव्या हिश्श्याने सुवर्ण गेलं बिचाऱ्याचं.

आमची १८ मुलं आहेत, ८ ते १५ वयाची. सकाळी ७ ते ९ एवढाच वेळ, नंतर तिथे गाड्या लागतात. पॅरिसचा नियम लावला तर नुसते रनच २७ मिनिटांचे, वर ९० ट्रिक. जमेल का? आणि परीक्षक कोण? आमच्यातल्या बाबालोकांना ऑली (हात न लावता बोर्डासकट मारलेली साधी उडी) आणि किकफ्लिपमधला फरक कळत नाही.

प्रतिसाद: रॅम्पकर
काका, दहाच्या आतल्यांना ट्रिकच्या फेरीत घालूच नका. त्यांना चौघा-चौघांना एकत्र सोडा, गटाला पाच मिनिटं. मोठ्यांना एक रन, तीन ट्रिक.
परीक्षक पाच घ्या. टोकियोला तसेच होते: सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण काढून टाकायचे, उरलेल्या तिघांची सरासरी. एखाद्याचा भाचा खेळत असला तरी फार बिघडत नाही. पण पालक नकोत, कॉलेजातली बोर्डवाली पोरं बसवा. त्यांना सरावही बघायला लावा, नाहीतर पहिल्या मुलाला उगाच ९० देतात आणि पुढे जागाच उरत नाही. ट्रिकमध्ये पडला की शून्य, हे आधीच मोठ्याने सांगा. हेल्मेट नसेल तर उतरवूच नका.

धागाकर्ता
भाच्याचं अचूक ओळखलंत, आहे खरा एक. चार परीक्षक जमले, पाचवा कमी पडतोय. बेलापूर ते पनवेल पट्ट्यातलं कुणी येईल का? २८ तारखेला, सकाळी साडेसहाला. चहा-वडापाव आमच्याकडून.