दुसऱ्या खोलीत फ्री डिश : दुसरी छत्री कशाला?

गच्चीकर

दूरदर्शनच्या मोफत फ्री डिशबद्दल एक ठाम सल्ला सगळीकडे फिरतोय: "दुसऱ्या खोलीत टीव्ही लावायचा तर दुसरी छत्री घ्या. एका छत्रीवर दोन बॉक्स चालत नाहीत, स्प्लिटर (एका केबलचे दोन फाटे करणारी डबी) लावला की सिग्नल अर्धा होतो." लोक हे वाचून हजार-दीड हजार रुपये घालवतात, गच्चीच्या कठड्याला आणखी चार भोकं पाडतात आणि पावसाळ्यात खालच्या घराला गळती लागते. म्हणून सविस्तर लिहितो.

एका एलएनबीवर (छत्रीसमोर दांड्यावर बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग) दोन बॉक्स चालत नाहीत हा नियम खासगी डीटीएचला लागू पडतो. तिथे काही चॅनल व्हर्टिकलवर (उभ्या लहरींवर) असतात, काही हॉरिझाँटलवर (आडव्या). बॉक्स 13 व्होल्ट पाठवतो तेव्हा एलएनबी व्हर्टिकल पकडतो, 18 पाठवतो तेव्हा हॉरिझाँटल. दोन खोल्यांनी दोन वेगळे व्होल्टेज मागितले की भांडण. फ्री डिश 93.5 अंश पूर्वेच्या जीसॅट-15 उपग्रहावरून येते आणि तिचे सगळे ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचे प्रक्षेपक) व्हर्टिकल आहेत, तेही लो बँडमध्ये, म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सींत. उदाहरणार्थ 11090 (फ्रिक्वेन्सी, मेगाहर्ट्झमध्ये), व्ही (व्हर्टिकल), 29500 (सिम्बॉल रेट). म्हणजे दोन्ही खोल्यांची मागणी कायम एकच: 13 व्होल्ट, आणि वरचा बँड मागण्यासाठी बॉक्स पाठवतो तो 22 केएचझेडचा संकेत बंद. भांडणाला कारणच नाही.

राहिलं "सिग्नल अर्धा". दोन फाट्यांचा स्प्लिटर 4 ते 5 डीबी (सिग्नल घटण्या-वाढण्याचं माप) खातो, 30 मीटर आरजी-6, म्हणजे छत्रीची नेहमीची केबल, साधारण 7 डीबी. एलएनबी स्वतः 50 ते 60 डीबी वाढवून देतो. बॉक्सवरची 'स्ट्रेंग्थ' (सिग्नलचा जोर) थोडी उतरते, 'क्वालिटी' (सिग्नलची शुद्धता) जवळपास तिथेच राहते, आणि चित्र क्वालिटीवर चालतं.

स्प्लिटर मात्र 5-2400 मेगाहर्ट्झचा हवा. केबल टीव्हीचा 5-1000 चा इथे निकामी, कारण एलएनबी आलेल्या फ्रिक्वेन्सीतून स्वतःची 9750 वजा करतो, म्हणून खाली येणारा सिग्नल 11090 वजा 9750, म्हणजे 1340 मेगाहर्ट्झवर असतो. शिवाय दोन्ही फाट्यांवर पॉवर पास (बॉक्सची वीज एलएनबीपर्यंत जाऊ देणारी सोय) आणि आत डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेलाच घ्या.

सिंधुदुर्गी

गच्चीकर, हिशेब बरोबर असेल, सल्ला धोक्याचा आहे. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्प्लिटरवर 'पॉवर पास' छापलेलं असतं आणि डायोड नसतो. मग एका बॉक्सचे 13 व्होल्ट दुसऱ्या बॉक्सच्या पोटात शिरतात. बॉक्स 'एलएनबी शॉर्ट' दाखवतो, किंवा त्याचा पॉवरचा भाग कायमचा जातो. ज्यांत एकाच फाट्यावर पॉवर पास असतो, त्यांत हॉलचा बॉक्स भिंतीवरच्या बटणाने बंद केला की बेडरूम अंधारात. रात्री सगळी बटणं बंद करणारी माणसं घरोघरी आहेत.

त्यापेक्षा ट्विन एलएनबी लावा. छत्री तीच, दांडा तोच. दोन तोंडं, दोन केबली, दोन्ही खोल्या एकमेकींपासून मोकळ्या. एक केबल उंदराने कुरतडली तर दुसरी खोली चालू राहते.

गच्चीकर

डायोडचं म्हणणं मान्य. म्हणून लावण्याआधी मल्टिमीटरने तपासा, पाच मिनिटांचं काम आहे. एका आउट फाट्याला चालू बॉक्स जोडा. इन तोंडावर मधल्या पिनेत आणि बाहेरच्या पत्र्यात 12 ते 13 व्होल्ट दिसले पाहिजेत. मग दुसऱ्या आउट फाट्यावर मोजा, तिथे शून्य हवं. तिथेही 13 दिसले तर तो स्प्लिटर दुकानदाराला परत करा. फाटे बदलून पुन्हा तेच करा.

ट्विन एलएनबी बंगल्याला ठीक. चार मजली इमारतीत गच्चीपासून घरापर्यंत 40 मीटरची दुसरी केबल डक्टमधून ओढायची, त्यासाठी सोसायटीच्या सचिवांची पुन्हा परवानगी काढायची, हे कोण करणार? स्प्लिटर घरात, टीव्हीच्या मागे बसतो. गच्चीला हातही लावावा लागत नाही.

विदर्भवारा

दोघेही बॉक्सच्या सेटिंगवर बोलत नाही आहात. एका खोलीत कुणी 'ब्लाइंड स्कॅन' (सगळ्या फ्रिक्वेन्सी आपोआप शोधणं) सुरू केला की तो बॉक्स 18 व्होल्टवर जातो. डायोडच्या स्प्लिटरमध्ये जास्त व्होल्टेज जिंकतं, एलएनबी हॉरिझाँटलला पलटतो आणि दुसऱ्या खोलीत सामना चालू असताना पडदा काळा. दोन्ही बॉक्सवर एलएनबी 'युनिव्हर्सल' न ठेवता 9750 सिंगल करा, 22के ऑफ, पोलॅरिटी व्ही. ब्लाइंड स्कॅन करायचाच असेल तर दुसऱ्या खोलीला आधी सांगा.

सरळतार

स्प्लिटर की ट्विन हा वाद दुय्यम आहे. घाण केबलमध्ये आहे. दुकानात आरजी-6 म्हणून मिळतं त्यात मधली तार तांब्याचा मुलामा दिलेलं लोखंड असते. चुंबक लावून बघा, चिकटतो. असली तार लावून वर स्प्लिटर बसवायचा आणि मग फ्री डिशला शिव्या द्यायच्या. शुद्ध तांब्याचीच केबल घ्या, नाहीतर काही लावू नका.

गच्चीकर

हा गैरसमज आहे. 1340 मेगाहर्ट्झचा सिग्नल तारेच्या पोटातून जात नाही, कातडीवरून जातो, आणि कातडी तांब्याचीच आहे. सिग्नलच्या दृष्टीने दोन्ही तारा जवळपास सारख्या. दुप्पट पैसे मोजायला लोकांना का लावता?

सरळतार

आणि एलएनबीची वीज? ती डीसी आहे, ती पोटातूनच जाते. लोखंडी तारेचा रोध मीटरला साधारण 0.1 ओहम, तांब्याच्या तारेचा 0.02. 40 मीटरला मधली तारच 4 ओहम. वीज परत येते ती मधल्या तारेभोवतीच्या जाळीतून, आणि स्वस्त केबलची जाळीही विरळ, तिचे दोनएक ओहम धरा. एलएनबी 150 मिलीअँपिअर घेतो म्हणजे 0.9 व्होल्ट वाटेतच गेले. त्यात तुमच्या डायोडचे 0.7. बॉक्समधून निघालेले 13 एलएनबीपाशी 11.4 उरतात. बरेच एलएनबी 11.5 च्या खाली चालण्याची हमी देत नाहीत. आणि सगळेच बॉक्स पूर्ण 13 देतात असं कुठे आहे? दुपारी चालतो, रात्री अडखळतो, आणि फिटर येऊन छत्री हलवून जातो. छत्रीचा काही दोष नसताना!

गच्चीकर

40 मीटर आणि डायोड हे दोन्ही एकत्र असतील तर तुमचं म्हणणं बरोबर आहे, ते मी धरलं नव्हतं. पण 15-20 मीटरच्या केबलला हा प्रश्न येत नाही, म्हणून "नाहीतर काही लावू नका" हे मी मान्य करणार नाही.

सिंधुदुर्गी

व्होल्ट मोजत बसलात, पाणी कुणी मोजलं नाही. कोकणात केबल रोधाने मरत नाही, पाण्याने मरते. जोड चुकीचा असला की पाणी जाळीतून केशिकेसारखं खाली उतरतं, थेट बॉक्सच्या तोंडापर्यंत. केबल सोलून बघा: जाळी काळी पडलेली, फॉइलवर पांढरी भुकटी. अशी केबल पुढून दोन फूट कापून भागत नाही, पूर्ण बदलावी लागते.

जोड असा करा. बाहेरचं काळं आवरण कापताना जाळीला पातं लागू देऊ नका. जाळी मागे दुमडा. पांढरा फोम एफ कनेक्टरच्या (केबलच्या टोकाला बसवायच्या धातूच्या तोंडाच्या) आतल्या तळाशी सपाट यायला हवा आणि मधली तार कनेक्टरच्या काठाबाहेर 2 ते 3 मिलीमीटर. जाळीचा एकच केस मधल्या तारेला टेकला की शॉर्ट. कनेक्टर एलएनबीवर हाताने घट्ट करून 11 नंबरच्या पान्याने पाव आटा. मग रबर टेप ताणत, खालून वर गुंडाळा, म्हणजे पाणी पदरावरून घरंगळतं. वरून खाली गुंडाळलं तर प्रत्येक पदर पाणी आत घेतो. एमसील नको. उन्हात तडकतं आणि पुढच्या वेळी कनेक्टर सुटत नाही. एलएनबीजवळ केबलला झोळ द्या आणि खिडकीतून आत घ्यायच्या आधी एकदा भोकाच्या खाली उतरवून मग वर आणा.

सरळतार

या पोस्टमधल्या एका शब्दावरही आक्षेप नाही. फक्त क्रिम्पचे कनेक्टर वापरा. पिळून बसवायचे कनेक्टर वर्षभरात ढिले होतात.

विदर्भवारा

ते बाजारात सहज मिळतात म्हणून लोक वापरतात, आणि क्रिम्पिंगचा पाना घरोघरी नसतो. पिळायचेच असतील तर केबलच्या जाडीला बरोबर बसणारे घ्या, सैल नको.

एलएनबीच्या कोनाचं कुणी बोललं नाही. पुण्यात तो साधारण 45 अंश फिरवावा लागतो, नागपुरात 33 च्या आसपास. मुंबईचा व्हिडिओ बघून चंद्रपुरात तसाच फिरवला की क्वालिटी पूर्ण येत नाही. आधी छत्री नीट लावा, मग एलएनबी थोडा थोडा फिरवत क्वालिटी बघा. दर वेळी तीन-चार सेकंद थांबा, बॉक्सचा आकडा उशिरा बदलतो.

शून्यभाडे

बॉक्सच कशाला? गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच टीव्हींच्या मागे उपग्रहाचं एफ तोंड असतं, आत डीव्हीबी-एस2 ट्यूनर (उपग्रहाचा सिग्नल वाचणारा भाग) असतो. अशा टीव्हीसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस 18112:2022 हे मानकही आहे. केबल थेट टीव्हीला, एकच रिमोट. मेन्यूत एलएनबी पॉवर ऑन, 9750, डायसेक (अनेक एलएनबींतून एक निवडायची सोय) बंद. एमपेग-4 (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) चे चॅनलही येतात. जुन्या एमपेग-2 बॉक्सवर ते दिसतच नाहीत आणि लोक म्हणतात दुसऱ्या खोलीत चॅनल कमी येतात.

खासगी डीटीएचचं दुसरं कनेक्शन स्वस्त पडतं म्हणणाऱ्यांसाठी: 2020 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने दुसऱ्या टीव्हीचं नेटवर्क शुल्क पहिल्याच्या 40 टक्क्यांपर्यंत बांधलं होतं. 2024 मध्ये शुल्काची कमाल मर्यादाच काढली.

सिंधुदुर्गी

टीव्ही स्टँडबायला गेला की एलएनबीची वीज तोडतो. दोन्ही फाट्यांवर पॉवर पास नसेल तर शून्यभाडे यांच्या टीव्हीने दुसरी खोली बंद पडेल. हे आधी लिहायला हवं होतं.

शून्यभाडे

बरोबर, ते राहिलं. आणखी एक सांगतो, कारण छत्री हलवण्याचं खरं कारण हेच असतं. फ्री डिशवरच्या खासगी चॅनलांच्या जागा लिलावाने जातात, त्यामुळे चॅनल येतात-जातात. 2019 मध्ये आणि पुन्हा 1 एप्रिल 2022 ला मोठ्या समूहांचे हिंदी चॅनल एकदम गेले. चॅनल दिसेनासा झाला की आधी 11090 ची क्वालिटी बघा. ती पहिल्यासारखी असेल तर छत्रीला हात लावू नका, रिस्कॅन करा. दोन्ही खोल्यांत वेगळा करावा लागतो, एकीकडे केला की दुसरीकडे आपोआप होत नाही.

सिंधुदुर्गी

ठीक. फ्लॅटमध्ये, केबल 20 मीटरच्या आत आणि स्प्लिटर मीटरने तपासलेला असेल, तर गच्चीकरांची पद्धत चालेल असं मी मानतो. कौलारू घराला आणि बंगल्याला ट्विनच. आणि तिथे छत्री 60 ऐवजी 90 सेंटिमीटरची लावा. साडेतीन डीबी जास्त मिळतात, आषाढातल्या धारांत तेवढेच कामाला येतात.

गच्चीकर

90 ची छत्री वारा जास्त धरते, 10 मिलीमीटरचे अँकर फास्टनर चारही लावा आणि विटेच्या सांध्यात नको, काँक्रीटमध्ये. माड आग्नेयेला असेल तर त्याचाही हिशेब करा. तुमच्याकडे उपग्रह जमिनीपासून साधारण 60 अंशांवर आहे. छत्रीपेक्षा 10 मीटर उंच झाड निदान 7 मीटर लांब हवं, आणि तेही झावळीच्या टोकापासून मोजून. ट्विनबद्दल कौलारू घरापुरतं तुमचं खरं.