सर्क्युलर सॉ: प्लायच्या कपच्या निघतात, एमसीबी पडतो

भुसाभर: खोली १० × १० फूट, सॉ (हातात धरायची, गोल पात्याची विजेची करवत) १४०० वॉट, ७ इंची. १९ मिमी प्लाय आडवा कापला की वरच्या थराच्या कपच्या निघतात. सॉ सुरू करताना एमसीबी (करंट जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) पडतो. टेबल सॉच (टेबलातून पातं वर आलेली, लाकूड सरकवून कापायची करवत) घ्यावा का?

पटाशी: सोबत आलेलं २४ दात्यांचं पातं फळ्या उभ्या चिरायला ठीक. प्लायला ४० ते ६० दाते हवेत. दाते खालून वर येतात, म्हणून चांगली बाजू खाली ठेवा. पातं प्लायखाली ५-६ मिमीच निघू द्या.

फेजन्यूट्रल: सॉ चालताना ६ अँपिअर घेते, पण सुरू होताना काही पट जास्त. १६ अँपिअरचा सी-कर्व्ह (सुरुवातीचा क्षणिक झटका सोसणारा) एमसीबी लागेल, पण २.५ चौ. मिमी तांब्याच्या वायरीवरच. वायर जुनी ठेवून नुसता एमसीबी वाढवलात तर आधी वायर जळेल! ३० मिलिअँपिअरची आरसीसीबीही (करंट गळला की वीज तोडते) बसवून घ्या. एक्स्टेन्शनची रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली तापते.

रंधा: टेबल सॉ नकोच. ८ फुटी शीट पुढेमागे सरकवायला जागा कुठंय? जमिनीवर चार लाकडी पट्ट्या टाका, चिरेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, आणि त्यांवर शीट ठेवून कापा. आधार नसला आणि शीट चिरेजवळ खाली वाकली की चीर मिटते, पातं आवळलं जातं आणि सॉ अंगावर उसळते.