मदत हवी आहे: ईए स्पोर्ट्स एफसी 24 मधला खेळाडूंचा वेग नेमका मोजावा कसा?

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकचे काही मित्र गंगापूर रोडला एकाच्या घरी जमून ईए स्पोर्ट्स एफसी 24 या फुटबॉलच्या व्हिडिओ गेमची स्पर्धा खेळतो. खेळाडू आपसांतल्या लिलावात घ्यायचे असतात आणि पेस, म्हणजे गेमने दिलेला वेगाचा गुण, जास्त असणाऱ्यांचा भाव नेहमीच चढा राहतो. पेसमधले चार-पाच गुण मैदानावर खरोखर दिसतात का, हे मला मोजून पाहायचे आहे.

पेस हा स्वतंत्र गुण नाही. त्यात अ‍ॅक्सिलरेशनचा (वेग पकडण्याची क्षमता) वाटा 45 टक्के आणि स्प्रिंट स्पीडचा (कमाल वेग) 55 टक्के असतो. आघाडीचा फुटबॉलपटू हालांड याचे अ‍ॅक्सिलरेशन 82 आणि स्प्रिंट स्पीड 94, म्हणून त्याचा पेस 89 येतो. आता ज्याचे हे दोन्ही गुण 89 आहेत असा एखादा विंगर (मैदानाच्या कडेने खेळणारा आक्रमक) घेतला, तर कागदावर दोघे सारखेच वेगवान ठरतात. प्रत्यक्षात मात्र सुरुवातीच्या पावलांत विंगर आणि लांब धावेत हालांड पुढे निघायला हवा. भरीला ‘अ‍ॅक्सेलरेट’ ही गेममधली वर्गवारी आहेच. उंची, चपळता, ताकद आणि अ‍ॅक्सिलरेशन पाहून खेळाडू एक्सप्लोसिव्ह (झटकन वेग घेणारा), कंट्रोल्ड (समतोल), लेंग्दी (सावकाश वेग घेऊन लांब धावेत पुढे जाणारा) किंवा त्यांच्या अधल्यामधल्या, एकूण सात प्रकारांपैकी एकात बसवला जातो आणि त्यावर तो वेग कसा पकडतो हे ठरते.

माझी पद्धत अशी: मित्र दुसऱ्या कंट्रोलरवर चेंडू आपल्या बचावपटूकडे धरून ठेवतो आणि मी माझा खेळाडू, चेंडूविना, पेनल्टी बॉक्सच्या रेषेपासून मध्यरेषेपर्यंत सरळ पळवतो. गेमच्या सेटिंगमधले वेगाचे स्लायडर मूळच्या 50 वर ठेवतो आणि थकव्याचा परिणाम नको म्हणून सामन्याच्या सुरुवातीलाच धावून घेतो. पडद्याचे चित्रीकरण सेकंदाला 60 फ्रेमने करून, बूट पहिली रेषा सोडतो तिथपासून दुसऱ्या रेषेवर पडतो तिथपर्यंतच्या फ्रेम मोजतो. अडचण इथेच येते. शेवटचे पाऊल रेषेच्या जरा अलीकडे पडले, तर पुढचे पाऊल पडेपर्यंत बऱ्याच फ्रेम निघून जातात आणि एकाच खेळाडूचे आकडे पुढेमागे होतात. दोन-तीन गुणांचा फरक त्यात सहज बुडून जात असावा.

बुटाऐवजी कमरेचा भाग रेषा ओलांडतो तो क्षण धरणे अधिक विश्वासार्ह ठरेल का? दुसरे, आणि माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे: निव्वळ स्प्रिंट स्पीड कळावा म्हणून खेळाडूला आधीच वेग घेऊ देऊन मध्यरेषेपासून पुढचीच वेळ मोजावी, असा विचार आहे, पण लेंग्दी प्रकारचा खेळाडू तोवर पूर्ण वेगात आलेला असतो का?

कोणी अशी मोजणी केली असेल, तर खेळाडूचे दोन्ही गुण, त्याचा अ‍ॅक्सेलरेट प्रकार आणि फ्रेमचे आकडे इथे द्यावेत, ही विनंती. नुसता पेस दिल्यास तुलना करता येणार नाही.