चर्चचा व्हरांडा वेचणीच्या मजुरांना द्यावा का?

खारपाणपट्टा (दर्यापूर तालुका):
सलाम मंडळी. कापसाची वेचणी लागली की मेळघाटातून कोरकू कुटुंबं आमच्याकडे उतरतात. यंदाची टोळी चर्चमागच्या पडीत जागेत ताडपत्री ताणून राहिली आहे. सोबत तान्ही लेकरं, आणि पहाटे ताडपत्रीतून दव टपकतं. आमचा व्हरांडा मात्र रविवार सोडला तर कुत्र्यांना आंदण. वर पत्रे, समोर जाळीचं फाटक, शेजारी गोड्या पाण्याचा नळ. इथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणून नळाचं एवढं कौतुक.

चर्चच्या पंच कमिटीत दोन मतं. काही म्हणतात, धर्मांतराचा बोभाटा होईल. काही म्हणतात, जागा देऊ, पण रविवारी उपासनेला बसायची अट घालू. मला ही अटच जास्त खटकते. पाहुण्याला जेवू घालून वर हजेरी घ्यायची? तुमच्याकडे काय करतात?

निवृत्त मास्तर, यवतमाळ:
भाऊ, अट नकोच. बायबलातला अब्राहाम भर दुपारी तिघा अनोळख्यांसाठी धावत गेला, पाय धुवायला पाणी दिलं, वासरू रांधलं. तुम्ही कोण, कुठले, हे विचारलं नाही. रूथ तर मवाबी, परक्या मुलखातली, बवाजाच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर पडलेली कणसं, वेचत होती. त्याने गड्यांना ताकीद दिली की तिला कोणी हात लावायचा नाही, आणि तिला सांगितलं, तहान लागली तर गड्यांनी भरलेलं पाणी पी. तुमच्याकडे पाणी आहे. फाटकाला आतून कडी आहे का, ते आधी बघा.

संत्रेवाला, अंजनगाव:
मी काई ख्रिश्चन नाही, पण सांगतो. पोलीस पाटलाले अन् सरपंचाले आधीच सांगून ठेवा, अर्धा बोभाटा तिथंच मरते. मुकादमाले मोकळा सोडू नका, नाहीतर तुमची सोय पाहून तो आपला खर्च वाचवीन. अन् त्यायचं रेशन कार्ड तिकडं मेळघाटातल्या धारणीचं असलं तरी तुमच्या गावच्या दुकानात अंगठ्यावर धान्य भेटते. दुकानदार टाळते, म्हणून एक दिवस कोणीतरी सोबत जा. लेकरायले अंगणवाडीत धाडा.

नर्सताई, परतवाडा:
सगळे व्हरांड्यावरच बोलताय. त्या बायकांना कोणी विचारलं का? मी कोरकू घरातली आहे. चूल कुठे मांडायची हा आमचा पहिला प्रश्न असतो. पत्र्याखाली धूर कोंडला की लेकरं रात्रभर खोकतात.

खारपाणपट्टा:
ताई, काल संध्याकाळी त्यांच्यात जाऊन बसलो. चूल बाहेरच राहील. सामानाला राखण लागते म्हणून पुरुषही बाहेर झोपणार, बायका-लेकरं आत. मास्तर, कडी बाहेरूनच आहे, सुतार उद्या आतून बसवून देतो. सरपंचांच्या कानावर घातलं, ते ‘बरं’ म्हणाले, एवढंच. अटवाले काका अजून फुगलेले आहेत, पण सतरंज्या त्यांच्याच घरून आल्या, काकूंनी पाठवल्या. आता रात्रभर दिवा ठेवायचा तर लाइट बिल चर्चच्या फंडातून भरायचं की वर्गणी काढायची, यावर शनिवारी मीटिंग आहे.